मास्तरांचा अंगठा

“उत्तम, विमलाबाई निघाल्यात रिक्षाने. खाली जा, जिना चढायला हात दे त्यांना,” संग्रहालयाच्या समिधा मॅडम फोन ठेवत म्हणाल्या. उत्तमने ओलं फडकं पाठीमागे लपवलं आणि मान हलवली.

विमलाबाईंच्या पुतळ्याचं कपाळ आता स्वच्छ दिसत होतं. सकाळपासून टांगणीला लागलेला त्याचा जीव आत्ता कुठे भांड्यात पडला.

भाईंदरचं हे कलासंग्रहालय म्हणजे एका ट्रस्टच्या इमारतीचा दुसरा मजला. २००३ साली राई गावचे चित्रकलेचे आत्माराम मास्तर वारले, घराची जागा बिल्डरकडे गेली आणि मास्तरांनी जन्मभर घडवलेली मातीची, प्लास्टरची माणसं उघड्यावर आली. मुलाच्या फ्लॅटमध्ये जिवंत माणसांनाच जागा पुरत नव्हती. ट्रस्टने ती सगळी उचलून आणली. मिठागरातल्या बाया, जाळं विणणारे म्हातारे आणि सुपात तांदूळ निवडणारी, हातभर उंचीची तरुण विमलाबाई, मास्तरांची बायको. संग्रहालय उभं राहिलं ते त्यांच्यावर. इतरांची चित्रं मागाहून आली.

उत्तम तिथला शिपाई. टेम्पोत विमलाबाईंचा पुतळा मांडीवर घेऊन तोच बसला होता. निघताना म्हातारीने विचारलं होतं, “नीट ठेवशील ना रं?”

“आईसारखा सांभाळीन, आजी,” असं तो बोलून गेला होता.

सांभाळलाही. शाळेची सहल आली की ‘हात नको, हात नको’ करत तो पुतळ्याभोवती इतका नाचायचा, की पोरं पुतळा सोडून त्यालाच बघायची. स्वतःचा नियम तो मोडायचा फक्त दसऱ्याला. कुलपांची, हातोड्यांची पूजा झाली की उरलेलं कुंकू पुतळ्याला लावायचा. गळ्यात मंगळसूत्र आणि कपाळ मोकळं, हे त्याला बघवत नसे. शिवाय कपाळावर छोटा खळगा होताच. तो कुंकवासाठीच ठेवलाय, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

प्लास्टरने कुंकू पिऊन घेतलं. डाग पडला. मॅडमनी विचारलं तेव्हा उत्तम खिडक्या पुसायला लागला. “मुंबईहून माणूस बोलावू. पाणी अजिबात लावू नका, प्लास्टर झिजेल,” त्या म्हणाल्या होत्या. पण तो माणूस येण्याआधीच विमलाबाई येणार होत्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांना डाग दिसू नये म्हणून उत्तमने आज दार लोटून कपाळ घासलं. डाग गेला. खळगाही गेला. खळग्याचं कोण विचारतंय, असं त्याला वाटलं.

विमलाबाई एक हात उत्तमच्या हातात, दुसरा गुडघ्यावर ठेवत वर आल्या. बाकीची माणसं ओझरती बघून स्वतःसमोर उभ्या राहिल्या.

“हात लावू का रं?”

“लावा की, आजी.”

त्यांचं बोट कपाळावर फिरलं. थांबलं. पुन्हा फिरलं.

“यांचा आंगठा कुठं गेला?”

“कसला अंगठा?” मॅडमनी विचारलं.

“माती वली व्हती तवा म्हणले, तुला कुकू कशाचं लावू? आन आपला आंगठाच टेकवला. साच्यातनं तो पलास्टरात तसाच उतरला. ते गेल्यावं रोज बोट ठेवायची मी तिथं.”

उत्तम पुढे आला. “मी घासलं, आजी. दसऱ्याला मीच कुंकू लावत होतो तिथे. डाग दिसायला लागला म्हणून आज...”

“तू कुकू लावायचास?”

“हो.”

विमलाबाईंनी पुन्हा पुतळ्याकडे पाहिलं. “कुकवाचीच जागा व्हती ती,” एवढंच म्हणाल्या. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं उत्तमला पुढे कायम वाटत राहिलं.

मग त्यांनी स्वतःचा अंगठा त्या जागी दाबला, नख पांढरं पडेपर्यंत. ती काही ओली माती नव्हती. काहीच उमटलं नाही. उलट अंगठ्यालाच थोडी पांढरी भुकटी लागली.

निघताना उत्तमने जिन्यात हात पुढे केला. विमलाबाईंनी डावा हात दिला. उजवा अंगठा पदराला लागू नये म्हणून, शेवटची पायरी उतरेपर्यंत त्यांनी तो वर धरला होता.