यादीतलं पहिलं नाव

पंप कंपनीचं पत्र रिंगवाल्या बाईंनी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा डोकं धरलं. पंपात बसणाऱ्या रबरी रिंगांचा त्यांचा कारखाना. चार प्रेस, एकोणीस कामगार आणि मागे गोदाम, एवढाच पसारा. पत्रात लिहिलं होतं, शुक्रवारपर्यंत सगळ्या पुरवठादारांनी एकाच सामायिक संगणक प्रणालीत यावं. कोणाकडे कोणता माल किती शिल्लक आहे, ते सगळ्यांना पडद्यावर दिसेल. जो येणार नाही त्याला पुढची ऑर्डर नाही.

आता गोदाम म्हणजे भावोजी, बाईंचे धाकटे दीर. बावीस वर्षं सगळा साठा त्यांच्या डोक्यात. रिंग बोटांत दाबून ते माप सांगत आणि रॅकवर खडूनं रेघा ओढत. त्या रेघा ब्रह्मदेवालाही लागल्या नसत्या. प्रणाली विकणारा मात्र फोनवर मोठ्या आनंदात म्हणाला होता, "मोजायला माणूसच लागणार नाही, मॅडम." त्या आनंदाचाच बाईंना संताप आला. घरच्या माणसाला घरी बसवायचं, ते निदान कोणाच्या हट्टापायी, एवढं तरी कळायला नको?

पंपाची झाकणं बनवणारा शेजारी आधीच प्रणालीत गेला होता. त्यांनी त्याला फोन लावला.

"तुम्ही कशाला घेतलीत हो ती प्रणाली?"

"मी? तुम्ही घेतलीत म्हणून! म्हटलं, ज्या बाई साधा पंखा बदलायला दोन वर्षं लावतात त्या तयार झाल्या, म्हणजे काहीतरी तथ्य असणार."

"अहो, मी कुठं तयार झाले?"

"हे बरंय! तुमच्या नावावर आम्ही आमच्या गोदामवाल्या काकांना घरी बसवलं, आणि तुम्ही आता कानावर हात ठेवताय?"

बाईंनी कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याला गाठलं. तो बिचारा त्यांच्याहून गोंधळलेला. "आम्हाला कुठं हवं होतं, ताई? पुरवठादारांच्या संघटनेनंच यादी पाठवली, सगळ्यांची मागणी आहे म्हणून. साहेबांना नाही म्हणता येईना. पहिलं नाव तर तुमचंच आहे!"

यादीचा फोटो आला. पहिल्या ओळीत कारखान्याचं नाव आणि पुढे, खाली दोन रेघा ओढलेली, भावोजींची सही. बाईंनी त्यांना हाक मारली.

"वहिनी, तुम्हीच नव्हतं का पाठवलं त्या संघटनेच्या सभेला? म्हणालात, नुसते बसून या."

"बसायला सांगितलं होतं, सही करायला नव्हे!"

"दारात कागद होता. हजेरी असेल म्हणून केली. सहीशिवाय आत सोडत नव्हते."

"वर काय लिहिलंय ते वाचावं की नाही?"

"वर काहीच नव्हतं. कोराच होता. मी नेहमीसारखा अर्धा तास आधी पोचलो होतो ना."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाईंना कडकडून भांडायचं होतं, पण कोणाशी भांडायचं तेच समजेना. कंपनीला नको होतं, झाकणवाल्याला नको होतं, त्यांना तर नकोच होतं. तरी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत आत शिरले होते. नाव मागे घेते म्हटल्यावर अधिकारी म्हणाला, "ताई, आता सगळे आत आहेत. तुम्ही एकट्याच बाहेर राहिलात तर ऑर्डर टाकू कशावर?" एकोणीस घरांचा प्रश्न होता. बाईंनी होकार कळवला.

प्रणालीला आधी सगळा शिल्लक माल भरून हवा होता, मापासकट. तो ठाऊक एकट्या भावोजींना. गुरुवारी सकाळपासून ते खुर्चीत बसून सांगत गेले आणि बाई भरत गेल्या. एकदाही उठून रॅककडे जावं लागलं नाही. दुपारनंतर त्यांचा आवाज बसला, तरी मापं चुकली नाहीत. बाईंना त्यांचा अभिमान वाटत होता आणि स्वतःची लाज.

"झालं," भावोजी म्हणाले. "आता सगळं त्यात गेलं." मग खुर्चीतून उठत म्हणाले, "उद्या येऊ ना, वहिनी?"

"या की," बाई म्हणाल्या. कशासाठी यायचं, ते त्यांनी विचारलं नाही आणि बाईंना सांगता आलं नसतं.