सात घडांचा चीक

धुरपदाबाईने सहा वर्षं एक भांडण राखून ठेवलं होतं, आणि ज्याच्याशी ते करायचं तो नाशिकच्या तुरुंगात जन्मठेप भोगत होता.

तो तिचा धाकटा दीर, तोताराम. ती लग्न होऊन असोद्यात आली तेव्हा तो दुसरीत होता आणि तिच्या रुखवतातले लाडू त्याने दोन दिवसांत संपवले होते. पुढे वाटण्या झाल्या, दोघांची शेतं बांधाला बांध लागून आली, आणि मग कारण शोधावं लागलं नाही. पाण्यावरून, बकरीवरून, काही नसलं तर जुन्या लाडवांवरून.

सहा वर्षांपूर्वी पाटाच्या कडेला शेजारचा अभिमन डोक्यात घाव बसून मेलेला सापडला. बिचारा साधा माणूस. त्याच सकाळी बसथांब्यावर तोतारामचं त्याच्याशी वाजलं होतं. तसं तोतारामचं कोणाशी वाजलं नव्हतं? पण दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याच्या शेतातली खोली उघडली, तर खुंटीला सदरा आणि पायजमा, दोन्ही काळ्या-तांबड्या डागांनी भरलेले. डाग रक्ताचेच की आणखी कशाचे ते सांगता येत नाही, असा तपासणीचा अहवाल आला. खालच्या कोर्टाला तेवढं पुरलं. कपडे घर सोडून शेतात ठेवले म्हणजे लपवलेच, असं निकालात लिहिलं.

असोद्यात ज्याच्या घरी केळी आहे त्याच्याकडे घड कापायचे कपडे वेगळे असतात. ते शेतातच राहतात, कारण घरातल्या बाया ते उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत. केळीचा चीक गळताना पाण्यासारखा दिसतो, दुसऱ्या दिवशी लालसर काळा पडतो आणि मग कापड फाटेपर्यंत जात नाही. हे गावाला इतकं माहीत होतं, की कोर्टात कोणी सांगितलंच नाही.

पंच म्हणून साक्ष देऊन आलेल्या समोरच्या घरातल्या पुनाला धुरपदाबाईने ओट्यावरच अडवलं होतं.

"काय सांगितलं रे?"

"डाग व्हते का, इचारलं. व्हते म्हनलं."

"अन् चिकाचं?"

"ते कोनी इचारलं नाही, अक्का. केयीले चीक असतो हे मी जजसाहेबाले शिकवू?"

तोतारामची बायको केव्हाच गेली होती. मुलगा सुरतेला, फोन उचलायचा नाही. म्हणून अपिलाचे कागद चौऱ्याहत्तर वर्षांच्या धुरपदाबाईनेच पुढे सरकवले. हायकोर्टाच्या खंडपीठात सरकारी खर्चाने वकील मिळाली, मोहिनी नावाची. लातूरकडची, तुरीच्या मुलखातली. धुरपदाबाई चार वेळा एसटीने अजिंठ्याचा घाट चढून तिच्याकडे गेली, आणि चारही वेळा चिकाचं सांगून आली.

"आजी," मोहिनी दर वेळी समजावायची, "जे कागदावर नाही ते हायकोर्ट ऐकत नाही. आणि सगळे नातेवाईक असंच काहीतरी सांगतात हो."

"काय सांगतात?"

"मेंदी होती, पानाची पिंक होती, शेंदूर होता."

पाचव्या वेळी धुरपदाबाईने चिकाचा विषयच काढला नाही. पिशवीतून ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं केळीचं रोप काढलं, मनगटाएवढ्या खोडाचं.

"अंगणात लाव, माय. वरून जरा छाटावं लागतं. सुरी आन."

मोहिनीने सुरी आणली. "धर इथं," म्हणत धुरपदाबाईने खोड तिच्या हातात दिलं आणि सुरी अशी फिरवली, की चिकाची सगळी धार वकीलबाईच्या पांढऱ्या बाहीवर.

"अरेरे."

"राहू द्या हो आजी. पाणीच तर आहे."

"पानीच म्हन," धुरपदाबाई म्हणाली आणि चहा न घेताच परतीच्या बसला लागली.

तिसऱ्या दिवशी फोन आला.

"आजी, हा डाग कशाने जातो? लिंबू झालं, सोडा झाला, धोब्यानेही हात टेकले. शेजारीण विचारते, कुठे लागलं तुम्हाला."

"नाही जात."

मग मोहिनी हळूच म्हणाली, "तुम्ही मुद्दाम केलंत."

"मी म्हातारी बाई. माहा हात कापतो."

त्या संध्याकाळी मोहिनीने पुनाची साक्ष पुन्हा काढली आणि उलटतपासणीतलं एक वाक्य तिला सापडलं. असे डागाचे कपडे गावात आणखी कोणाकडे आहेत का, या प्रश्नाला पुनाने उत्तर दिलं होतं, "सगळ्यांकडे आहेत." खालच्या कोर्टाने त्यापुढे शेरा मारला होता: साक्षीदार उडवाउडवीची उत्तरं देतो.

सुनावणीला धुरपदाबाई मागच्या बाकावर बसली. इंग्रजी बोलणं तिला कळत नव्हतं, पण माणसांचे चेहरे कळत होते. मोहिनीने आपला तोच डागाळलेला पांढरा शर्ट घातला होता. ती पुनाचं वाक्य वाचायला लागली तशी काळ्या गाऊनमधून बाही बाहेर आली. दोन न्यायमूर्तींपैकी थोरले चष्म्यावरून बघत राहिले. त्यांनी मराठीत विचारलं, "वकीलबाई, हे काय लागलंय?"

"केळीचा चीक, साहेब."

"हा पुरावा म्हणून दाखल केलेला नाही."

"नाही साहेब. धोब्याने परत केलेला शर्ट आहे."

धाकटे न्यायमूर्ती खाली बघून हसले, आणि धुरपदाबाईने मुठीत आवळून धरलेला पदर सोडला.

महिन्याभराने निकाल लागला. कपडे उघड्या खुंटीला होते, लपवलेले नव्हते. डाग रक्ताचे असल्याचं सिद्ध झालेलं नाही. नुसत्या भांडणावरून खून शाबीत होत नाही. तोताराम निर्दोष सुटला. अभिमनला कोणी मारलं ते मात्र कळलं नाही, आणि त्याच्या बायकोसमोरून जाताना धुरपदाबाई अजूनही मान खाली घालते.

तोताराम भरदुपारी तिच्या ओट्याशी येऊन उभा राहिला. डोकं पांढरं, गालफडं बसलेली. तिने त्याला पाणी दिलं, कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत दिलं आणि खाऊन होईपर्यंत चकार शब्द काढला नाही.

"पोट भरलं?"

"भरलं, वहिनी. तुम्ही नसत्या तर..."

"ते राहू दे. तुह्या बागेत तवा एक घड नव्हता. मंग तुह्या सदऱ्यावरचा चीक कोनत्या केयीचा?"

तोताराम ताटातल्या मिठाकडे बघायला लागला. अभिमन गेला त्याच दिवशी धुरपदाबाईच्या बागेतले बांधालगतचे घड कोणीतरी कापून नेले होते, दांडे अजून ठिबकत होते. ती त्याला गाठणार, तोवर पोलिसांनी नेलं.

"हे वकीलबाईले सांगितलं का?"

"तिनं इचारलं नाही."

तोतारामने बोटं चाटली, पाणी प्यायला, ताठ बसला.

"सहाच व्हते, वहिनी."

"सात."

"सहा. सातवा वादळानं पडला असंल."

"वादळ कोयता घिऊन आलं व्हतं का रे?"

आवाज चढत गेले. समोरच्या घरात पुनाने टीव्ही बंद केला, खाट दारात ओढली आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं.