कापण्यांच्या कडा

“भाऊ, कढई ठेवली का काय?”

घरमालकीण शेवंताबाईनं दारातून हाक मारली, तेव्हा जोतीरामचा पहिला घाणा तेलात होता. गुळाचा वास जिना उतरून तळवलीच्या गल्लीत पोचला होता. आता लपवणार काय, कपाळ!

“कापन्या तळतोय. आखाड हाय न्हवं!”

“अवो, पन वयनीला जाऊन वरीस नाय झाला. दुखाच्या घरान तलन नाय काढत. दुसऱ्यांनी आनून द्याचा असतं.”

“मला कोन आनून देनार?”

“मना कापन्या येत नाय. नाय तर मीच आनल्या असत्या,” असं पुटपुटून शेवंताबाई खाली गेली.

रीतभात सांभाळणं हे जोतीरामचं खातंच नव्हतं. ते सगळं बायकोकडे, राहीबाईकडे. त्यानं तुर्भ्याच्या मार्केटात जन्मभर पोती वाहिली आणि तिनं जन्मभर कापण्या तळल्या. लोक आखाडात तळतात, ही बया बारा महिने तळायची. पहाटे पाचला चहात बुडवून दोन कापण्या, ही त्याची न्याहारी. गावी साताऱ्याला निघाले की एसटीत डबा तिच्या मांडीवर. घाट चढून गाडी थांबली की पहिली कापणी त्याच्या हातात यायची. “खावा, च्या गरम हाय तवर.”

फाल्गुनात ती गेली. तेव्हापासून तो टपरीवरचा पाव चहात बुडवून गिळत होता. पोट भरायचं, पण दिवस उगवल्यासारखा वाटायचाच नाही.

आणि आता आखाड लागला होता. लेकीकडे तळण पोचलंच पाहिजे. आई गेली म्हणजे माहेर संपलं, असं उज्वलाला वाटलं तर? एवढ्या एका धास्तीनं त्यानं आयुष्यात पहिल्यांदा कणीक तिंबली होती.

दुसरी पोळी लाटून त्यानं सुरीनं कापण्या पाडल्या. चौफेर वेड्यावाकड्या कडा उरल्या. तो बघतच राहिला. अडतीस वर्षांत असला तुकडा त्याच्या बशीत एकदाही आला नव्हता. मग ह्या जायच्या कुठं? टाकवेनात म्हणून त्यानं त्याही तळल्या आणि वाटीत काढून ठेवल्या.

उलव्याला लेकीच्या सासरी जायला दोन बस बदलाव्या लागल्या. डबा मांडीवर घेऊन तो खिडकीशी बसला. शेजारचा माणूस मोबाइलमध्ये डोकं घालून होता. पहिली कापणी द्यायची कुणाच्या हातात? झाकण त्यानं उघडलंच नाही.

विहीणबाईंनी चांगलं आगतस्वागत केलं. डबा पुढं केला तेव्हा मात्र त्यांचा हात मागे गेला.

“पाव्हणं, राग मानू नका. वर्ष फिरल्याशिवाय दुखवट्याच्या घरचं तळण आम्ही घरात घेत न्हाय. पोराबाळांचं घर हाय.”

उज्वला खाली मान घालून उभी. जोतीरामच्या अगदी जिवाला लागलं, पण पोरीचं सासर पडलं. “बरुबर हाय तुमचं,” म्हणत त्यानं डबा पिशवीत टाकला, नुसता चहा घेतला आणि उठला.

उज्वला सोडायला खाली आली. सोसायटीचं गेट ओलांडल्याबरोबर म्हणाली, “आबा, डबा काढा.”

“आगं, तुजी सासू...”

“घरात नको म्हणाल्यात ना? हा रस्ता आहे.”

बसस्टॉपच्या बाकावर बसून तिनं एक कापणी खाल्ली. मग दुसरी.

“गूळ जास्त झालाय,” म्हणाली आणि घळाघळा रडायला लागली. जोतीराम तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. जरा वेळानं डोळे पुसून तिनं विचारलं, “आबा, कडा कुठायत?”

“घरी वाटीत हायत. का गं?”

“आईनं मला एक कड कधी दिली नाही. भांडायचे मी. म्हणायची, अख्ख्या तुमच्या, कडा माज्या. घाण्यापाशी उभ्यानंच खायची. तुमची न्याहारी बशीत, तिची तिथं.”

तेवढ्यात बस आली. उज्वलानं घाईघाईनं चार कापण्या रुमालात बांधल्या. “लिफ्टमध्ये खाईन,” म्हणाली आणि चक्क हसली.

दुसऱ्या दिवशी जोतीरामला पहाटे पाचलाच जाग आली. कुठं जायचं नव्हतं, तरी त्यानं चहा ठेवला. डब्यातल्या दोन चांगल्या, अख्ख्या कापण्या निवडून बशीत ठेवल्या, शेजारी कप ठेवला आणि बशी राहीबाईच्या फोटोपुढं सरकवली.

“खा,” तो म्हणाला, “च्या गरम हाय तवर.”

मग वाटी घेऊन तो गॅसपाशी आला आणि उभ्यानंच एकेक कड खाऊ लागला. करपट होत्या, दातांना कडक लागत होत्या. त्यानं सगळ्या संपवल्या.