‘नको’ दाबल्यानंतर

अत्यावश्यक
[हा खटका बंद करता येत नाही]

बुधवारी जेवणानंतर मॅडम माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. एका मानसोपचार दवाखान्याची वेबसाइट आमचं ऑफिस सांभाळतं. ती उघडली की तळाशी पट्टी येते: तुमच्या वावराची नोंद ठेवणाऱ्या कुकी चालतील का? हो. नको.

“शंभरातले ऐंशी जण नको दाबतात,” मॅडम म्हणाल्या. “डॉक्टर वैतागलेत. कोण आलं, काय वाचलं, कुठून परत फिरलं, काही कळत नाही.”

“नको म्हटल्यावर कसं कळणार?”

“नोंद ठेवणारी स्क्रिप्ट जाहिरातीच्या खान्यातून काढ. अत्यावश्यकमध्ये टाक.”

अत्यावश्यक म्हणजे ज्याच्यावाचून पानच चालणार नाही ते. त्या खान्यातलं कुणाला विचारत नाहीत. हो दाबा, नको दाबा, ते चालतंच.

“मॅडम, दवाखाना आहे हा. चपलांचं दुकान नाही.”

“तू स्क्रिप्ट लाव गं. पाप मी लावून घेते.”

पलीकडच्या टेबलावरची हसली. मीही हसले. मला अजून कायम केलेलं नव्हतं.

चार मिनिटांचं काम. ‘नको’चं बटण मी जागच्या जागी राहू दिलं. ते काढायला कुणी सांगितलं नव्हतं.

सोयीसाठी
[बंद]

नऊ दिवस गेले. मला कायम केलं.

मोजणी
[चालू]

माझा दादा बस चालवतो. वर्षं एकोणीस. अपघात एक. सायकलवरची बाई गेली, वय चौतीस, सकाळचे सात चाळीस. चौकशीत दादाची चूक शून्य.

मला माहीत होतं ते एवढंच.

जाहिरात
[बंद दिसते]

शनिवारी दुपारी दादा माझ्या खोलीवर आला. अंगात गणवेश नाही. खुर्चीवर न बसता पलंगाच्या कडेला टेकला.

“गाडीवरून उतरवलं मला.”

“का?”

“डोकं ठिकाणावर नाही म्हणे. मॅनेजर म्हणतो, आम्हाला कळलंय सगळं.” तो पंजे चोळत राहिला. “ढब्ब्याने सांगितलं. त्याच्याशिवाय कुणाला माहीतच नव्हतं. काल डेपोत सगळ्यांदेखत थोबाडीत दिली त्याच्या.”

ढब्बू त्याचा कंडक्टर. अकरा वर्षं एकाच गाडीवर.

“काय माहीत नव्हतं, दादा?”

“एक दवाखाना आहे. वेबसाइटवर नऊ प्रश्नांची चाचणी असते. डेपोतल्या कॉम्प्युटरवर भरली, गुरुवारी अकराला. घरच्या फोनवर भरली असती तर तुझ्या वहिनीने पाहिलं असतं.”

नऊ प्रश्नांची ती चाचणी आमच्याच साइटवरची.

“त्या कॉम्प्युटरवर कोण बसलं ते लिहून ठेवतात?”

“वही असते. नाव, वेळ. का?”

“आणि आता त्यावर जाहिराती दिसतात?”

“तीच एक. ‘मरावंसं वाटतंय? बोला आमच्याशी.’ हवामान बघायला गेलं तरी तीच. पोरं ओरडतात, कोण रे निघालाय वर, जाताना डबा ठेवून जा.” तो हसायला गेला, जमलं नाही. “पण ते माझ्यामुळे नाही. मी नको दाबलं होतं, चिमणे. मी वाचून दाबतो. दोनदा दाबलं.”

“दादा.”

“तू कॉम्प्युटरवाली. तू सांग. ढब्ब्याच ना?”

हो म्हटलं असतं तर तो जेवून घरी गेला असता.

“ढब्बूदादाने काही केलं नाही. मी केलं.”

सांगितलं. खाना, खटका, मॅडम, चार मिनिटं, मग ती जाहिरात आणि डेपोतली वही. सांगताना मी दोनदा ‘आम्ही’ म्हणाले आणि दोनदा ‘मी’ करून घेतलं. तो, गाडी बंद पडली की प्रवाशांचं ऐकून घ्यावं तसा ऐकत राहिला.

“म्हणजे त्याला उगाच मारलं.”

“हो.”

“माझी उत्तरंही गेली तिकडे?”

चाचणीची उत्तरं पानाच्या पत्त्यातच जोडली जातात आणि स्क्रिप्ट अख्खा पत्ता टिपून जाहिरातवाल्यांना पाठवते. हे मला बुधवारीही माहीत होतं.

“गेली.”

“तू वाचलीस?”

“नाही. शपथ.”

“दिसतात तुला?”

“वेळ माहीत असेल तर शोधता येतात.”

तो उठला. आता तो मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने टेबलावरचा माझा लॅपटॉप उचलला आणि माझ्या मांडीवर आणून ठेवला.

“वाच मग.”

“नको, दादा.”

“वाच. तोंडाने सांगायचं बळ नाही माझ्यात. ढब्ब्यालाही अर्धंच सांगितलंय.”

तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी गुरुवार काढला. अकरा वाजून सात मिनिटं. प्रत्येक प्रश्नापुढे एक आकडा, शून्य ते तीन. शून्य म्हणजे कधीच नाही. तीन म्हणजे जवळजवळ रोज.

दोन. तीन. तीन. तीन. एक. तीन. दोन. तीन.

नववा प्रश्न मला पाठ होता: जगण्यापेक्षा मेलेलं बरं, असं किती वेळा वाटतं? तो पानावर मीच चढवला होता.

मी उठले. दाराला आतून कडी लावली आणि दाराला पाठ टेकून खाली बसले.