साक्षीदार गैरहजर

बजाजनगरच्या भाड्याच्या खोलीत सुरेखाबाईंनी भाकरी फडक्यात बांधल्या. मुलगी संस्कृती कंपनीतली रात्रपाळी करून नुकतीच आली होती. तोंडावर पाणी मारून ती तशीच आईबरोबर निघाली. आज कोर्टाची तारीख होती.

वडील वारल्यावर चुलते तात्यासाहेब यांनी नववीतच तिचं लग्न लावून दिलं होतं. सासरच्या मारहाणीला कंटाळून ती परत आली. आता एकोणीस वर्षांची संस्कृती ते लग्न रद्द करून मागत होती. सासरचे म्हणत, तेव्हा नुसता साखरपुडा झाला, लग्न पोरगी सज्ञान झाल्यावर लावलं. भावकीतलं कोणी खरं बोलायला तयार नव्हतं. उरली ग्रामसेविका रत्नमाला. ती मांडवात लग्न थांबवायला आली होती.

पण दर तारखेला तिच्या कार्यालयाचं काही ना काही कारण यायचं. कधी प्रशिक्षण, कधी निवडणुकीचं काम. आज 'वरिष्ठांची परवानगी प्रलंबित' असं आलं. पुन्हा पुढची तारीख पडली.

मायलेकी तिथूनच तालुक्याच्या कार्यालयात गेल्या.

"फाईल वर गेलीय," कारकून मान वर न करता म्हणाला.

रत्नमाला व्हरांड्यातच भेटली.

"बाई, तुम्ही नाय आल्या तर माझी पोर अशीच लटकत राहील," सुरेखाबाई म्हणाल्या.

"मी यायला नाय म्हणते का? पण तिथं विचारतील, ऑफिसला कळवलं होतं का. मी मांडवातूनच साहेबांना फोन केला होता. ते म्हणले, गावचा मामला हाय, निघून या. हे कोर्टात कसं सांगू? नोकरी हाय माझी."

संस्कृतीचे डोळे जागरणानं लाल झाले होते. "मॅडम, मला तुमच्या साहेबाचं काय करायचं? तुम्ही बघितलं तेवढं सांगा. मला त्या घरी परत जायचं नाय."

रत्नमाला पाठ फिरवून आत निघून गेली. पुढच्या तारखेला मात्र ती रजा टाकून कोर्टात हजर झाली.

"वरिष्ठांची परवानगी आहे?" सासरच्या वकिलांनी विचारलं.

"नाय. पण समन्स माझ्या नावाचं हाय, अन् लग्न लागताना मी समोर होते."

"मग लग्नाच्या वेळी तुम्ही कार्यालयाला कळवलं नाही?" न्यायाधीशांनी विचारलं.

रत्नमालाने कठड्याची कड घट्ट धरली. साहेब फोनवर काय म्हणाले होते, ते तिनं शब्दाला शब्द सांगितलं.

लग्न रद्द झालं. रत्नमालाची बदली झाली. साहेब आपल्या खुर्चीवरच राहिले. संस्कृती निकालाच्या दिवशीही पाळीला गेली. आनंद करायला अंगात त्राण नव्हतं.

पुढे गावाकडून खबर आली. भावकीतल्या सोनियाचं लग्न ठरलं होतं. पोर आठवीत होती. स्वतःच्या लेकीच्या लग्नात सुरेखाबाई तोंड मिटून हळदीकुंकू लावत फिरल्या होत्या. आज त्यांनी मुलांच्या मदतीसाठी असलेल्या सरकारी नंबरवर फोन लावला.

"नाव नाही सांगितलं तरी चालेल, मावशी," पलीकडून आवाज आला.

"नाय, लिवा नाव. सुरेखा. अन् उद्या कोर्टानं बोलवलं तर मी येईन. मला कुणाची परवानगी लागत नाय."