दोन सेंटीमीटरने कमी

मी मीटरपट्टी बोलतेय. सातवीच्या वर्गातली, गणिताच्या सरांच्या हातातली, पिवळ्या रंगाची लाकडी पट्टी. खरं तर स्वतःला मीटरपट्टी म्हणवून घ्यायची मला आता लाज वाटते, कारण मी आहे अठ्ठ्याण्णव सेंटीमीटरची.

सुताराकडून आले तेव्हा पुरती शंभर होते हो! पण सरांना एक सवय. वर्गात गोंगाट झाला की मला टेबलावर आपटायचं. "शांत!" वर्ग गप्प व्हायचा, माझं टोक मात्र फुटत गेलं. एक दिवस शिपाईकाका म्हणाले, "सर, पोरांच्या हातात कुसळं जातील." त्यांनी करवतीने शून्याकडचं फुटकं टोक कापलं, घासून गुळगुळीत केलं. "बघा, नव्यासारखी!"

माझ्यावर आकडे दहा-दहाने लिहिलेले, त्यामुळे गेलेले दोन सेंटीमीटर कोणाच्या लक्षातच आले नाहीत. माणसं पट्टीचा शेवटचा आकडा वाचतात, सुरुवात कुठून झाली ते कोणी बघत नाही. मीही मनात म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

सर शिकवायचे मात्र झकास. माझ्या मापाने जमिनीवर खडूचा चौरस आखून म्हणायचे, "हा एक चौरस मीटर. किती जण मावता बघू!" पोरं एकमेकांच्या पायावर पाय देत घुसायची. मग सर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढायचे. "आता रेघेच्या अलीकडचे बाहेर या. उरलं ते त्रिकोणाचं क्षेत्रफळ. चौरसाच्या निम्मं!" हसून हसून पुरेवाट व्हायची, पण ते कोणी विसरायचं नाही.

यंदा वाचनाच्या खोलीत गालिचा घालायचं ठरलं. सर म्हणाले, "मापं तुम्हीच घ्या." पोरांनी मला लांबीत पाच वेळा ठेवलं, रुंदीत चार वेळा. "पाच गुणिले चार, वीस चौरस मीटर!"

एकीचा हात वर होता. तिची आई कपडे शिवते. आईची टेप ती दप्तरात घालून घेऊन आली होती.

"सर, लांबी चार मीटर नव्वद भरतेय, रुंदी तीन मीटर ब्याण्णव. क्षेत्रफळ वीसपेक्षा कमी येतं."

सर हसले. "अगं, शिवणाची टेप ती! ओढून ओढून सैल झालेली. कपड्यांना ठीक आहे, गणिताला नाही चालत."

"आईची टेप चुकत नाही, सर. चुकली असती तर लोकांनी कपडे परत आणले असते."

"आणि ही काय खोटं बोलते?" सरांनी मला उंच धरलं. अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मी तोऱ्यात होते. सरांनी तिच्या वहीत लाल फुली मारली. मागून कोणीतरी ओरडलं, "टेपवाली!" तिने टेप गुंडाळून दप्तरात ठेवली. त्या दिवसापासून तिचा हात वर गेला नाही. एरवी सगळ्यांत आधी तोच वर असायचा.

गालिचा आला आणि दोन भिंतींपाशी फुगून बसला. सरांनी दुकानदाराच्या नावाने खडे फोडले. तो पोलादी टेप घेऊन आला. "साहेब, पाच बाय चार सांगितलंत, पाच बाय चार दिलाय. तुमची खोलीच लहान आहे."

सरांनी मला त्या टेपेला लावलं. अठ्ठ्याण्णव. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर एवढंच म्हणाले, "टेप जरा ठेवून जाता का?"

शाळा सुटल्यावर त्यांनी खोलीचं दार लावलं. वह्यांच्या गठ्ठ्यातून तिची वही काढली, तिचेच आकडे बघत गालिचा कापला. चार नव्वद, तीन ब्याण्णव. असा चपखल बसला की बोट शिरायला जागा नाही. लाल पेन खिशातच होतं. मला वाटलं, आता फुली खोडतील. त्यांनी वही मिटली आणि मला कपाटामागे सारलं.

दुसऱ्या दिवशी वह्या परत मिळाल्या आणि ती त्याच गालिच्यावर वाचायला बसली; कपाटामागच्या फटीतून मला दिसत होतं. कडेवरून बोट फिरवत भिंतीपर्यंत गेली. मग वही उघडली, फुली पाहिली, सरांकडे पाहिलं.

"सर, गालिचा बरोबर बसला."

"हो. बसला," सर म्हणाले आणि घड्याळाकडे बघू लागले.

तिने वही मिटली. सर, आता ती आईच्या टेपेवर विश्वास ठेवते की तुमच्या फुलीवर, मला कळत नाही. माझी चूक मोठीच. पण माझ्याबद्दल मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. मला कपाटामागून काढा. पुन्हा एकदा टेबलावर आपटा, वर्ग शांत करा आणि तिच्यासमोर सगळं सांगून टाका. दुसरं टोक फुटलं तरी चालेल.