तळाच्या बोल्टवरचा आळ

मी एक जुना बोल्ट आहे. एवढं ऐकूनच तुम्ही पान उलटाल अशी मला धास्ती वाटते, तरी सांगतो. मोटारसायकलच्या पोटाखाली, जिथे सहसा कोणी वाकून पाहत नाही, तिथे माझी जागा. इंजिनातलं काळं झालेलं तेल काढायचं असलं की मला फिरवून बाहेर घेतात आणि नवं तेल ओतण्याआधी पुन्हा बसवतात. एरवी थेंबही बाहेर जाऊ द्यायचा नाही, हेच माझं काम.

कारखान्यात एका सळईतून मला कापलं, अंगावर आटे पाडले आणि सोबतीला एक चपटी मऊ चकती दिली. तिला वॉशर म्हणतात. मी आवळला गेलो की ती दबते आणि फट बुजवते. एकदा दबली की तिचं काम संपलं. पुढच्या खेपेला नवी घ्यायची.

सुरुवातीची वर्षं मानाची गेली. गाडी घरातल्या आजोबांची. पाहुणे आले की ते गाडीखालची फरशी दाखवून म्हणायचे, इथे जेवायला बसा, इतकी कोरडी आहे.

पण मित्रांनो, आजोबांच्या मते घट्ट ते चांगलं. त्यांनी बंद केलेला नळ उघडायला आजींना शेजाऱ्यांना हाक मारावी लागे. एकदा तेल बदलल्यावर माझ्याजवळून थेंब पडू लागला आणि माझी दुर्दशा सुरू झाली. आजोबांनी पान्याच्या दांड्याला लोखंडी नळी जोडली आणि सगळं बळ लावलं. माझ्या डोक्याचे कोपरे झिजले. प्रत्येक वेळी नवं वॉशर घालूनही थेंब पडतच राहिला. खोट माझ्यातच असणार, असं मलाही वाटू लागलं.

आजोबांचा धाकटा मुलगा हसायचा. "बाबा, ही गाडी नाही, ठिबक सिंचन आहे," असं म्हणून त्याने भंगारवाल्याला एका रविवारी संध्याकाळी यायला सांगूनही ठेवलं.

नेमकी त्याच वेळी थोरल्या सुनेला गाडीची गरज पडली. ती परिचारिका. दूरच्या वस्त्यांवर घरोघरी जाऊन आजारी माणसांना पाहायचं काम तिला मिळालं होतं. तिकडे बस जात नव्हती. सोमवारी गाडीशिवाय जाता आलं नाही, तर ते काम दुसऱ्या कुणाला मिळणार होतं.

त्या रविवारी दुपारी ती अंगणात गाडीखाली शिरली. इंजिन कोमट करून तिने तेल घमेल्यात उतरवलं, मला पुसून बाजूला ठेवलं आणि माझी बसायची जागाही फडक्याने पुसायला घेतली. आजवर ती कोणी पुसली नव्हती. पुसता पुसता तिचं नख कशाला तरी अडलं.

"बाबा, मागचं वॉशर तुम्ही काढलं होतं ना?"

"ते बोल्टबरोबर निघतंच की."

"एक निघालं नाहीये. इथेच चिकटून बसलंय."

लाकडाच्या कपचीने तिने ते अलगद सोडवलं. इंजिनाच्याच रंगाचं झालेलं, वाकडं, काळं वॉशर होतं ते. नवं वॉशर दर वेळी त्याच्यावर बसत होतं आणि वाकड्या फटीतून तेल झिरपत होतं. खोट माझ्यात नव्हती, मित्रांनो! लोखंडाला रडता येत नाही म्हणून बरं.

मग तिने एकच नवं वॉशर माझ्या गळ्यात घातलं आणि मला नुसत्या बोटांनी फिरवलं. आटा तिरपा लागू नये म्हणून हे बोटांनीच करायचं असतं. मी टेकल्यावर तिने आखूड पाना घेतला आणि बेताने आवळलं. आजोबांनी लगेच नळी पुढे केली.

"अगं, अजून एक फेरा दे. वाटेत सुटला म्हणजे?"

"जखमेला पट्टी कशी बांधतो बाबा? रक्त थांबेल इतकी. हात काळानिळा होईपर्यंत नाही. आणखी आवळलं तर आटेच जातील."

आजोबांनी नळी भिंतीला टेकवली. त्यांच्यासाठी ते सोपं नव्हतं.

नवं तेल ओतलं, इंजिन चांगलं तापेपर्यंत चालवलं, मला पुन्हा पुसलं आणि खाली पांढरा कागद पसरला. तेवढ्यात भंगारवाला हातगाडी घेऊन आला. सगळे कागदाकडे बघत उभे, म्हणून तोही उभा राहिला. कागद पांढराच राहिला. शेवटी आजोबा फरशीवर आडवे झाले, माझ्यावरून बोट फिरवलं आणि ते कोरडं बोट त्यांनी धाकट्याच्या नाकासमोर धरलं.

"यात भंगार कुठाय?" असं म्हणून भंगारवाला हातगाडी वळवून गेला. धाकटा घसा खाकरत म्हणाला, "वहिनी, उद्या मला चौकापर्यंत सोडशील का?"

सोमवारी आम्ही चढ चढलो, खडी तुडवली, ओढा ओलांडला. ती ज्या ज्या दारात थांबली, तिथली जमीन मी कोरडी ठेवली. एवढा रुबाब मी कारखान्यातून निघालो तेव्हाही केला नव्हता.

मित्रांनो, एखादी वस्तू गळू लागली, कुरकुरू लागली, तर लगेच तिच्यावर बळ काढू नका आणि तिला टाकूनही देऊ नका. तिची जागा पुसा, बोट फिरवून बघा, काय अडलंय ते शोधा. मग तीच वस्तू तुम्हाला डोंगरापलीकडे नेऊन आणेल, आणि वाटेत एक थेंबही सांडणार नाही.